मंगळवारी केक कशासाठी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ४४ वर्षांची आहे, ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. नोकरी बेलापूरला, त्यामुळे रोज ठाणे-पनवेल लोकल. घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. गेली तीनेक वर्षं मला घरात काहीबाही करत बसायचा नाद लागला आहे. गाडीत क्रोशे विणते, शेजारच्या बायका कौतुकाने विचारतात, बरं वाटतं. जुन्या साड्यांचे उशांचे अभ्रे शिवले, खिडकीत बाटल्यांमधून मनीप्लँट लावले, आणि आठवड्यातून एकदा केक नाहीतर बिस्किटं. (सासूबाई अंडं खात नाहीत, त्यामुळे केक तोंडात घालत नाहीत, आणि त्या दिवशी ओटाही त्यांना चालत नाही.) मागच्या महिन्यात एका मंगळवारी ऑफिसातून येऊन केक केला. नवऱ्याने विचारलं, ‘आज कोणाचा वाढदिवस?’ कोणाचाच नाही म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘मग एवढा पसारा कशाला? दहावीचं वर्ष आहे घरात. शिवाय विजेचं बिल.’ नवरा म्हणतो, एवढी हौस आहे तर ऑर्डरी घे, चार पैसे तरी सुटतील. तो स्वतः गणपतीचं मखर दर वर्षी हौसेने करतो. मुलगी मला फोनवर दुसऱ्यांचे केक दाखवून हसते. मला यात गती नाही हेही खरं. क्रोशाचा चौकोन चौकोनी होत नाही, केक मध्येच बसतो. कोणी ‘छान झालंय’ म्हणत नाही. करताना फार बरं वाटतं आणि झाल्यावर चोरी केल्यासारखं. हे सगळं बंद करावं, की व्यवसाय म्हणून नीट करावं?

*

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना मला तुमच्या घरच्यांचा राग आला, हे आधीच कबूल करते. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तो निवळला, कारण त्यांच्यापैकी कोणीही ‘हे करू नकोस’ म्हटल्याचं पत्रात सापडेना. नवऱ्याने वाढदिवस कोणाचा ते विचारलं, सासूबाईंनी पसारा कशाला ते विचारलं, मुलगी हसली. बंद करावं का, हा प्रश्न एकट्या तुमचा आहे. तो तुमच्या डोक्यात आला कुठून, त्याबद्दल आधी बोलू या. केक मध्ये का बसतो ते शेवटी सांगते.

मी नौपाड्यात वाढले. माझी आई संक्रांतीआधी घरी हलवा करायची. शेगडीवर परात, अगदी मंद आच, परातीत खसखस नाहीतर साबुदाणा, आणि त्यावर पाक, एका वेळी जेमतेम चमचाभर. बोटांनी हलवत राहायचं, पाक सुकला की पुढचा चमचा. घाई केली की सगळं एकमेकांना चिकटून गोळा होतो. दोन-तीन दिवस हे चालायचं, कारण हलव्याला काटा येण्याला थंडी लागते, आणि ठाण्यात थंडी पडून पडून पडणार किती? म्हणून ती पहाटे चारला उठून परातीपाशी बसायची. बोटांची टोकं पोळून लाल झालेली असायची. तेव्हाही बाजारात हलवा मिळत होता आणि तो तिच्या हलव्याहून पांढराशुभ्र असायचा. पण हे कशाला करतेस, असं तिला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. दर वर्षी कोणाचं तरी बोरन्हाण असायचं, नाहीतर कोणाची तरी नवी सून काळ्या साडीवर हलव्याचे दागिने घालायला तयार असायची.

रुखवत आठवा. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, लोकरीचं कुत्र्याचं पिल्लू (ते कोणत्या संसारात उपयोगी पडलं असेल देव जाणे). गौरीपुढची आरास, पानाभोवतीच्या महिरपी, हळदीकुंकवाची वाणं. हाताने केलेल्या सुंदर आणि तशा बिनकामाच्या वस्तूंचा आपल्या घरांमध्ये कधीच तुटवडा नव्हता. प्रत्येक वस्तूला निमित्त तेवढं लागायचं, आणि ते निमित्त करणारीचं स्वतःचं कधीच नसायचं. देवाचं, सासरचं, नाहीतर बाळाचं असायचं. मे महिन्यात मैदा, पिठीसाखर आणि डालडा डब्यांत भरून बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, तीही ‘मुलांना सुट्टीत खायला’. बेकरीच्या पायरीवर आई आणि शेजारच्या काकू दोन-दोन तास बसायच्या, खिदळायच्या. आज मला वाटतं, नानकटाई हेच निमित्त होतं.

तुमच्या मंगळवारच्या केकला निमित्त नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा. चोरी केल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. आणि गंमत बघा, गाडीत विणताना असं वाटतं, असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. बायकांच्या डब्यात कोणी पालक निवडते, कोणी पोथी वाचते, कोणी उभ्याउभ्या डुलकी काढते, तिथे तुमच्या सुईला कोण हिशेब मागणार? उंबऱ्याच्या आत आलात की हिशेब सुरू होतो, आणि तो मांडायला बहुतेक तुम्हीच बसता.

नवऱ्याचा प्रश्न मला कुत्सित वाटला नाही. आपल्याकडे केक म्हणजे वाढदिवस, हे समीकरण इतकं पक्कं आहे की त्या माणसाला आपण कोणाचा तरी वाढदिवस विसरलो की काय अशी धडकी भरली असेल! मात्र मखराचा मुद्दा मी सोडणार नाही. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून मखर म्हणजे पुठ्ठा, कापड, कागद. म्हणजे तीन-चार रात्री हॉलभर कात्रणं, पायाला चिकटलेला फेव्हिकॉल आणि हरवलेली कात्री. मखराच्या ऑर्डरी घे, चार पैसे सुटतील, असं त्यांना कोणी म्हणतं का? हे त्यांना भांडणात ऐकवू नका. मखर सुरू असताना शेजारी बसा, एखादी पट्टी कापून द्या, आणि हसत हसत विचारा. त्यांच्या हौशीला गणपती पाठीशी आहे, तुमच्या हौशीला मंगळवार. कळेल त्यांना.

आता ऑर्डरी. कित्येक नवऱ्यांना ‘सुंदर झालंय’ म्हणायचं असतं आणि तोंडातून ‘विकलं जाईल’ एवढंच येतं. तसं असेल तर ती दादच आहे, वेष बदलून आलेली. ती घ्यावी आणि धंदा राहू द्यावा. कारण घरगुती केकचा धंदा हा केक करण्याच्या आनंदाचा मोठा भाऊ नव्हे, ते वेगळंच काम आहे. ऑर्डर येते शनिवार-रविवारची, म्हणजे तुमच्या सुट्टीची. एक किलो, अंड्याविना, वर मुलाच्या लाडक्या कार्टूनचं चित्र, आणि रात्री बाराला कापायचा म्हणून अकराला पोचायला हवा. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून आणि गर्दीतून, वरच्या क्रीमसकट. घरून विकलं तरी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, ती टाळू नये. आणि किंमत ठरवताना माझ्या ओळखीच्या बायका मैदा-लोणी धरतात, फार तर खोका धरतात. स्वतःचे तास धरताना मी एकीलाही पाहिलेलं नाही.

घरात पैशांची निकड असती तर मी तुम्हाला वेगळं लिहिलं असतं. ज्या वाचकांना ती आहे त्यांनी वरच्या परिच्छेदाने खचून जाऊ नये. महिनाभर वहीत साहित्य, वीज, खोके, पोचवण्याचा खर्च आणि तास असं सगळं लिहावं आणि मगच दर सांगावा. पण तुमच्या पत्रात पैशांबद्दल तुमचं स्वतःचं एकही वाक्य नाही, जे आहे ते नवऱ्याचं आहे. तरी मनात पाल चुकचुकत असेल तर एक करून बघा. एकच केक सलग सहा शनिवार करा, त्याच मापाचा, त्याच चवीचा, तसाच दिसणारा. सहाव्या शनिवारी हात आपणहून मैद्याकडे गेला तर खुशाल ऑर्डरी घ्या. माझा अंदाज असा की तिसऱ्याच शनिवारी तुम्ही त्यात दालचिनी घालाल. ऑफिसात कोणी ‘माझ्यासाठी करशील का, पैसे देते’ म्हणालं, तर ‘विकत नाही गं, पुढच्या वेळी केला की दोन तुकडे तुझे’ हे उत्तर पुरेसं असतं. कोणी रागवत नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. सासूबाई, अंडं आणि ओटा. तुम्हाला वाटतं त्या तुमच्या छंदाला बोलतात. मला वाटतं त्या ओट्याला बोलतात. तुम्ही सकाळी गाडी पकडता, संध्याकाळी येता. मधला सगळा वेळ त्या स्वयंपाकघरात त्या असतात, आणि ज्या ओट्यावर देवाचा नैवेद्य होतो तिथे आठवड्यातून एकदा अंड्याची टरफलं दिसतात. हे त्या तुम्हाला सरळ सांगणार नाहीत, कारण नोकरी करून घर सांभाळणाऱ्या सुनेला अंड्यावरून बोलणं त्यांना बरं दिसत नसेल. मग दहावी निघते, विजेचं बिल निघतं. तुम्ही त्यांना कधी विचारलंत का, ‘आई, अंड्याचं तुम्हाला फार खटकतं का?’ विचारा. उत्तर ‘छे गं’ असंच येईल. ते कसं म्हणतात तेवढं ऐका.

आणि तीन महिने अंड्याविना करून बघा. दह्याचा केक काही कमी प्रतीचा नसतो, माप खाली देते. त्याच्याही आधी सासूबाईंना विचारा की त्यांच्या वेळी नानकटाई कशी करत, बेकरीत कोणाबरोबर जात, तूप किती घालत. त्यांच्या पिढीतली बाई हे सांगताना दहा मिनिटांत थांबली तर मला कळवा. याने त्या तुमच्या केकचं कौतुक करू लागतील, असं वचन मी देत नाही. माझ्या सासूबाईंनी मी शिवलेल्या दुलईला शेवटपर्यंत ‘ती तुझी चिंध्यांची’ म्हटलं. दुपारी झोपताना मात्र तीच लागायची.

विजेचं त्यांना आकड्यांत सांगा, त्या पिढीला आकडे पटतात. १५०० वॅटचा ओटीजी ओव्हन सलग तासभर चालला तर दीड युनिट जळतं. आतलं तापमान गाठलं की तो मधूनमधून आपणच बंद होतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच. आठवड्याला एक केक म्हणजे महिन्याला फार तर सहा-सात युनिटं. मुलगी अभ्यास करते त्या खोलीतला एसी एवढी वीज रात्री-दोन रात्रींत खातो, पण हे मुलीच्या देखत नको.

पसाऱ्याबद्दल सासूबाईंचं बरोबर आहे. मी तुमचं घर पाहिलेलं नाही, पण असा नाद असलेल्या बाईचं घर पाहिलेलं आहे, रोज पाहते. विणणं हा एक छंद आणि लोकर विकत घेणं हा दुसराच. राम मारुती रोडवरून ‘सहज’ जाताना किंवा क्रॉफर्ड मार्केटात साचे बघताना आपण दुसऱ्या छंदात असतो, हे ओळखावं. माझ्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे, तुमच्याही घरी असेल, ज्यात बिस्किटं कधीच नसतात. सुया, दोरे, चालू विणकाम एवढंच त्यात. त्यात मावत नाही ते घ्यायचं नाही. केकसाठी एक फळी, आणि भांडी त्याच रात्री घासून ओटा पुसून कोरडा. पुष्कळ घरांतला विरोध या एका गोष्टीने निम्म्यावर येतो. आपल्या हवेपुरतं आणखी थोडं: तागाच्या आणि बांबूच्या शोभेच्या वस्तूंना जुलैत बुरशी धरते, त्या पावसाळ्यापुरत्या आत ठेवा. मनीप्लँटच्या बाटल्यांतलं पाणी आठवड्याला बदला, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. सोसायटीची नोटीस यायच्या आत.

मुलीबद्दल थोडंच. पंधराव्या वर्षी मुली आईच्या चपलांनाही हसतात. दहावीचं वर्ष असलं म्हणून घराचं इस्पितळ करायची गरज नाही, आणि आठवड्यातले तुमचे दोन तास तिच्या टक्क्यांच्या आड येत नाहीत. तिला बोलावून शिकवू नका. तुम्ही करत राहा, ती कधीतरी बॅटरचा चमचा चाटायला येईल.

तुम्ही लिहिलंय, कोणी छान म्हणत नाही. हे वाक्य मला टोचलं, कारण ते माझंही होतं. केक टेबलावर ठेवून तुम्ही कोणाच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहता का? राहत असाल तर मग ती परीक्षा झाली, आणि परीक्षक बिचारे मॅच बघत असतात. पुढच्या वेळी पहिला तुकडा स्वतःला घ्या. गरम केक कापू नये, भुगा होतो, मला ठाऊक आहे. तरी कापा. खिडकीशी उभ्या राहून, बाटल्यांकडे बघत, खा. मग बाकीच्यांना हाक मारा.

गती नाही म्हणता, त्यातलं निम्मं तंत्र आहे. चौकोन वर जाता जाता अरुंद होतो ना? ओळ उलटवताना तुमचा शेवटचा खांब, म्हणजे उभा टाका, सुटतो. उलटवायच्या साखळ्या खांब म्हणून मोजायच्या की नाही, यात सगळ्यांचाच घोळ होतो. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या खांबात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा, सेफ्टी पिनही चालते. तिथवर पोचल्याशिवाय उलटायचं नाही. तुर्भे येईपर्यंत फरक दिसेल.

आणि रोज बेलापूरला उतरताच आहात तर एखाद्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चक्कर मारा. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात आखलेली ही वसाहत. छोट्या छोट्या चौकांभोवती घरं, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला त्याला आपलं घर आपल्या ऐपतीने आणि आवडीने वाढवता यावं. लोकांनी हे इतकं मनावर घेतलं की आज कित्येक घरांचा मूळ आराखडा ओळखूही येत नाही. त्यातली काही मला आवडतात, काही अजिबात नाहीत. तुमचा फ्लॅट वाढवता येणार नाही. खिडकी मात्र तुमची आहे आणि त्या खिडकीला कोणाची परवानगी लागत नाही.

तर बंदही करू नका आणि दुकानही मांडू नका. आणि पुन्हा कोणी ‘आज काय?’ विचारलं, तर ‘मंगळवार’ म्हणा.

आता केक. मध्ये बसतो तो बहुधा तुम्ही झाला का बघायला दार लवकर उघडता म्हणून. आतला भाग अजून ओला असतो, गार हवा लागली की फुगलेलं खाली येतं. पहिली पंचवीस मिनिटं दाराला हात लावू नका, काचेतून बघा. दुसरं कारण सोडा जास्त पडणं. ‘थोडा जास्त घातला तर जास्त फुगेल’ हा समज खोटा. जास्त सोड्याने केक भराभर वर येतो आणि तेवढ्याच भराभर बसतो.

माप असं: एक वाटी घट्ट ताजं दही, पाऊण वाटी साखर, साखर विरघळेपर्यंत फेटा. त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा, चमचा चहाचा आणि सपाट. पाच मिनिटं ठेवा, बुडबुडे येतील. सोड्याला आंबट लागतं, ते दह्यातून मिळतं. मग अर्धी वाटी बिनवासाचं तेल, थोडा व्हॅनिला, आणि चाळलेला दीड वाटी मैदा, हलक्या हाताने. मिश्रण ठेवून देऊ नका, वायू निघून जातो. म्हणून ओव्हन आधीच तापवायला लावा, १८० अंश, दहा मिनिटं तरी. मग पस्तीस ते चाळीस मिनिटं. मध्यभागी विणायची सुई खुपसा, कोरडी निघाली की झाला. क्रोशाची घेऊ नका, तिचा आकडा केक ओढून काढतो, मी केलंय ते. वाटी सगळ्याला एकच घ्या, साधारण २४० मिलीलिटरची.

आणि इतकं करून बसलाच, तर गार झाल्यावर खड्ड्यात श्रीखंड भरा. आमच्याकडे तो खड्डा मुद्दाम पाडलाय, असंच सगळे समजतात.